एकवीस दिवसांचा बंदोबस्त

पुंजाजीनं मेंढ्याचं फडकं कुत्र्याच्या पोटाला बांधलं, तीन गाठी मारल्या आणि त्याला, आपल्या जमादाराला, अंगणात मोकळं सोडलं.

मेंढरं अवेळी फळू द्यायची नसली की नराच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधतात. साखरा गावात हे काम पुंजाजीसारखं कुणाला जमत नसे. त्याची गाठ पडली की मस्तवाल मेंढा महिनाभर साधूसारखा चाले. गावातल्या दोन तापट सासऱ्यांनी आपल्या जावयांसाठी त्याच्याकडं चौकशी केली होती म्हणतात.

"आता उघड दार," पुंजाजी बायकोला म्हणाला.

सिंधूबाई घराच्या दारात काठी घेऊन बसली होती. दाराआड त्यांची कुत्री, भिंगरी. ती माजावर आल्याचा आज बारावा दिवस. जिल्ह्याच्या गावाहून, हिंगोलीहून, आलेला गुरांचा डॉक्टर सांगून गेला होता, एकवीस दिवस नर जवळ फिरकू देऊ नका. आणखी एक वेत झालं तर ही कुत्री वाचत नाही. तेव्हापासून सिंधूबाई दिवसा कडी लावून दारात बसे आणि रात्री तिथंच आडवी होई.

कुंपणाबाहेर साखऱ्याची झाडून सारी कुत्री जमली होती. शिवाय सात गावांचे पाहुणे. त्यातलं एक तांबडं तर हिंगोलीहून एसटीनं आलं आणि कंडक्टरनं त्याला खिडकीची जागा दिली, असं शपथेवर सांगणारी माणसं गावात आहेत.

जमादारानं पोटाखालचं फडकं एकदा हुंगलं. मान मागं वळवली. दातानं एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी. मग फडकं तोंडात धरून आणलं आणि पुंजाजीच्या पायाशी नीट ठेवलं.

सिंधूबाई म्हणाली, "मेंढ्याचं तोंड तिथवर पोचत न्हाई. कुत्र्याचं पोचतं. चाळीस वर्सं जनावरांत गेली, एवढं बी दिसलं न्हाई तुमाला?"

"लई शानपना करून राहिली. सर बाजूला. जनावराचा सोभाव हाय तो."

"भिंगरी मरन."

"मरत न्हाई. डॉक्टरला काय कळतं!"

तेवढ्यात गावातला नासेर आपल्या बोकडाचा कान धरून अंगणात आला. बोकड खच्ची करायचा होता आणि पाच गावांत ते काम पुंजाजीच्याच चिमट्याचं. त्याच्या हाताखालून किती गोऱ्हे, किती बोकड गेले, त्याची गणती नव्हती. हात कधी चुकला नव्हता.

"पुंजाजीभाऊ, चिमटा काढा. लई उड्या मारून राहिला हा," नासेर म्हणाला.

सिंधूबाई उठून उभी राहिली. "नासेरभाऊ, बोकड धरा घट. आदी जमादाराचं व्हऊ द्या."

पुंजाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या कुत्र्याला हात लावशील तर याद राख!"

"काहून? पाच गावचे बैल-बोकड आडवे केले, तवा सोभाव कुठं गेला व्हता?"

"ते लोकांचे व्हते," पुंजाजी बोलून गेला.

नासेर खोकला. बोकडानं एक पाय उचलून पुन्हा खाली ठेवला.

"बराबर," सिंधूबाई म्हणाली. "अन् शाळंतल्या नसबंदीच्या कॅम्पाला? डॉक्टर म्हनला व्हता, बाप्याचं पाच मिन्टाचं काम हाय. तुमच्या कंबरंत तवाच उसन भरली. टेबलावर कोन निजलं? मीच निजले. तुमी शाळंच्या दारात बिडी ओढत बसले."

"नासेरच्या म्होरं हे काढू नको."

"त्यांची जैनबबी माझ्या बाजूच्याच टेबलावर व्हती. इचारा."

नासेर एकाएकी बोकडाच्या दातांकडं बारकाईनं पाहू लागला.

पुंजाजी तिरीमिरीत पुढं झाला. एका हातानं त्यानं बायकोला ढकललं, दुसरा कडीला घातला. दार वीतभर किलकिलं झालं. त्या फटीत जमादार बाणासारखा घुसला, पण अर्धाच. सिंधूबाईनं काठी उचलली आणि हाणली. कुत्रं केकाटत मागं आलं, आणि पुंजाजी मनगट धरून खाली बसला. काठी नेमकी कुणासाठी उचलली होती, हे लोकांनी नासेरला पुढं कैकदा विचारलं. तो दर वेळी सांगे, "खुदा कसम, मी बोकडाकडं बघत व्हतो."

सिंधूबाई आत गेली. चूल, परात, पिठाचा डबा सारं आतच होतं. आतून अडसर पडला.

"नऊ दिस राहिले," दाराआडून आवाज आला. "तवर बाहेरच ऱ्हा. दोघं बी."

"घर कुनाचं हाय?" पुंजाजी ओरडला.

आत चुलीत काटक्या सारल्याचा आवाज आला.

"उद्या येतो, भाऊ. आज तुमचा हात बराबर चालायचा न्हाई," नासेर म्हणाला. बोकड त्याच्या आधीच फाटकाबाहेर पडला होता.

दिवस कलला. पुंजाजी सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिला. काही वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. त्यानं कान देऊन मोजल्या. एक. दोन. एक तिची, एक भिंगरीची. मग परात धुतल्याचा आवाज आला.

शेजारी जमादार दाराच्या फटीला नाक लावून बसला होता. पुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं, जरा पुढं सरकला आणि त्याच्या डोक्याच्या वर, त्याच फटीला, आपलंही नाक लावलं.