गुळाचं रक्त

बावीस वर्षांपूर्वी मंजुळाने आपल्या भयपटासाठी कळव्याच्या चाळीत गुळाच्या पाकात लाल रंग कालवून बादलीभर रक्त केलं होतं. पहिल्याच खेळाला लोक खो-खो हसले होते.

आज भरदुपारी तिने तोच सिनेमा चाळीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर पुन्हा लावला. "हसा रे, किती हसायचं ते!"

लोक हसलेच. पण चादरीवर जिथे रक्त दिसे, तिथेच मुंग्यांची रांग चढू लागली.

"बघा, गूळच!" कुणीतरी ओरडलं.

शेवटच्या दृश्यात हिरोचा, म्हणजे प्रणितचा, गळा चिरला गेला. त्या रक्तापासून मुंग्या मागे फिरल्या. तिथे माश्या बसू लागल्या.

"आता म्हणा गूळ!" मंजुळा गरजली.

तिच्या शेजारी बसलेल्या प्रणितने हळूच कॉलरचं बटण लावलं.