केळुसकरांचं मत

एस्टोनियन सिनेमा संपला, दिवे लागले आणि फिल्म सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे माइक आधी केळुसकरांच्या हातात आला.

"अख्खा सिनेमाभर नवरा-बायको समोरासमोर बसून नुसतं सूप पितात. एक शब्द नाही. त्या बाईचं एकटेपण अंगावर येतं. एवढं गप्प राहणं आपल्या समांतर सिनेमावाल्यांनाही जमत नाही." टाळ्या पडल्या. त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. आज पहिल्यांदाच बायको सोबत आली होती.

"वहिनी, तुम्हाला काय वाटलं?" कुणीतरी माइक तिच्याकडे सरकवला.

ती अवघडली. "छान होता. पण बाई एकटी कशी? नवरा बसला होता की समोर जेवायला."

सगळे हसले. केळुसकरही हसायला गेले, पण त्यांचे कान तापले. घरी त्यांचं ताट रोज कॉम्प्युटरपाशी जायचं. जेवता जेवता ते सिनेमांवर लिहायचे. ती कधी जेवते, काय जेवते, त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर ते मुकाट्यानं स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिनं ताट वाढलं आणि काळजीनं विचारलं, "का हो, कॉम्प्युटर बिघडला का?"