जाळीमागची खुर्ची

मरून टोपीवाल्या माणसाने चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन वर उचलली, तशी जाळीमागची कुजबुज थांबली.

"कोल्बीसाठीच आलाय," बेव्हर्ली म्हणाली. तिचा मुलगा कोल्बीच्याच संघात कॅचर होता, त्याने फेकलेले चेंडू झेलायचा. "लॉनी, आता तरी बस. तू उभा राहिलास म्हणून पोराचा चेंडू जोरात जाणार नाही."

लॉनी प्रूइट बसला नाही. पोराची शेवटची स्पर्धा म्हणून तो कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यातली पाळी सोडून आला होता. त्या माणसाच्या घडीच्या खुर्चीमागे तो उभा राहिला आणि हसला. गेल्या हिवाळ्यात बायको डार्लीन वारल्यापासून त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

अटलांटाबाहेरच्या या बेसबॉलच्या मैदानांवर सगळा उन्हाळा असाच जातो. शाळेची मुलं खेळतात, कॉलेजांचे कोच जाळीमागे खुर्च्या टाकून बघतात. ज्याच्यावर नजर ठरली त्याला कॉलेजात जागा मिळते. बाकीचे घरी जातात. कोल्बी चेंडू चांगला फेकायचा, पण त्याच्यासाठी आजवर एकाही कोचने खुर्ची टाकली नव्हती. आणि आजच्यानंतर संधी नव्हती.

"कुठल्या कॉलेजचा आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"टोपीवरचं अक्षर फिकं पडलंय. विचारू का?" बेव्हर्ली म्हणाली.

"अगं बाई, गप्प बस!" लॉनी घाईने म्हणाला. "खेळ चालू असताना कोच पालकांशी बोलत नाहीत. नियम आहे. उगाच पोराचं नुकसान करशील."

तो माणूस खरंच एक शब्द बोलला नव्हता. बेव्हर्लीने लिंबाचं सरबत पुढे केलं तेव्हाही नुसती मान हलवली. त्यामुळे तर कुणाला शंकाच उरली नाही.

"लिहून मात्र काही घेत नाही हं," ती लॉनीच्या कानाशी म्हणाली.

"मोठ्या कॉलेजचे डोक्यात ठेवतात. आणि एकाची गन वर गेली की बाकीचे वास काढत येतातच. बघ तू." लॉनी सारखा शेजारच्या मैदानाकडे बघत होता. तिथे कोचांची रांगच बसली होती. त्यातलं कुणी उठलं नाही.

कोल्बी मातीच्या उंचवट्यावर उभा होता. प्रत्येक चेंडूआधी तो खुर्चीच्या दिशेने बघायचा आणि मग फेकायचा. तिसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू फेकल्यावर त्याने हात एकदम पोटाशी घेतला. कॅचर धावत गेला. कोल्बीने त्याला हाकलून दिलं.

इनिंग संपली तसा लॉनी खेळाडू बसतात त्या डगआउटच्या जाळीशी गेला.

"कोपर दुखतंय?"

"नाही बाबा."

"खोटं बोलू नकोस. बोटं थरथरतायत तुझी."

"ऊन आहे."

"उन्हाने थरथरतात होय? कोच हॉलिस, काढा याला बाहेर."

संघाचे कोच हॉलिस सूर्यफुलाच्या बिया चघळत होते. टरफल थुंकून ते म्हणाले, "दोनदा विचारलं मी. नाही म्हणतो. आणि खरं सांगू, लॉनी? समोर गन रोखलेली असताना पोराला काढला, तर उद्या तूच माझं नरडं धरशील."

"मीच सांगतोय ना, काढा!"

"बाबा," कोल्बी म्हणाला, "तो माणूस एवढ्या उन्हात माझ्यासाठी बसलाय. तो बसलाय तोवर मी कसा उतरू?"

लॉनी पुन्हा त्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

चौथी इनिंग सुरू झाली. कोल्बीचा चेहरा पांढरा पडला होता. एक चेंडू कॅचरपर्यंत पोचायच्या आधीच जमिनीवर आपटला. दुसरा जाळीवर आला. लॉनीची बोटं जाळीत रुतली. कोल्बीने पुन्हा खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा हात मागे नेला. या वेळी त्याचं ओरडणं सगळ्यांना ऐकू आलं. तरी त्याने चेंडू परत मागितला.

लॉनी वाकला आणि टोपीवाल्याच्या कानात काहीतरी बोलला.

"लॉनी!" बेव्हर्ली किंचाळलीच.

त्या माणसाने गन खाली केली. खुर्चीची घडी घातली आणि मान खाली घालून गाड्यांच्या दिशेने चालू लागला.

"घालवलास!" बेव्हर्लीला रडू फुटायचं बाकी होतं. "डार्लीन असती तर तिने जाऊ दिलं असतं का त्याला? स्वतःच्या हाताने घालवलास रे!"

लॉनी पोराकडे बघत होता.

कोल्बीने रिकाम्या जागेकडे पाहिलं. चेंडू मातीवर ठेवला, हॉलिसना हात केला आणि उतरला.

हॉलिसनी कोपर दाबून बघितलं. "डॉक्टरकडे ने," ते हळूच लॉनीला म्हणाले. "हा हात आता लवकर फेकायचा नाही. मला तर वाटतं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बर्फाची पिशवी बांधली.

दोघांची गाडी घराच्या रस्त्याला लागली.

"मी उगाच त्याच्याशी बोललो," लॉनी म्हणाला. "नियमच आहे तसा. माझं चुकलं."

"जाऊ द्या."

"तसा फार मोठ्या कॉलेजचा नसावा तो. दुसरा येईल कुणीतरी."

कोल्बीने बर्फाची पिशवी सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढी खटपट करून माणूस बसवलात, मग मी मधेच कसा उतरणार होतो? फक्त सोमवारी कारखान्यात गेलात की त्या काकांना सांगा, पुढच्या वेळी गन निदान सुरू करून धरा."