सोन्या कुठल्या रकान्यात

बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं सामान्यनाम, उजवीकडे विशेषनाम.

"सामान्यनाम म्हणजे सगळ्यांना मिळून एकच नाव. मुलगा म्हटलं की कुठलाही मुलगा. विशेषनाम मात्र एकट्याचं. हाक मारली की एकच जण ओ देतो, ते विशेषनाम."

"बाई, मग वाघ डावीकडे आणि आमचा वाघ्या उजवीकडे?" खिडकीजवळच्या बडबड्याने विचारलं.

"वाघ्या कोण तुमचा?"

"कुत्रा. भित्रा आहे, पण नाव तेच."

तिसरीचा वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. तास रंगात आला होता. मुलं एकेक करून फळ्यापाशी येत होती, डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक शब्द लिहून हात झटकत जागेवर जात होती. मधल्या बाकावरची एक मुलगी तेवढी मान खाली घालून बसली होती. बाईंनी तिलाच उठवलं.

"ये. तुमच्या घरी बाळ आलंय ना नवीन? मग सोपं आहे तुला. इकडे बाळ लिही आणि तिकडे बाळाचं नाव."

मुलीने डावीकडे 'बाळ' लिहिलं. मग उजवीकडे गेली, जराशी थांबली आणि पुन्हा 'बाळ' लिहिलं.

"अगं, हे तर तेच झालं."

"आमच्या बाळाला नाव नाहीये अजून."

"खोटं बोलतेय, बाई," तिची शेजारीण बाकावरूनच म्हणाली. "सोन्या ठेवलंय. मी गेले होते ना त्यांच्याकडे आईबरोबर."

बाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. सोन्या हा या मुलीचा मोठा भाऊ. घरीदारी सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. याच वर्गात बाईंनी त्याला पाढे शिकवले होते. गेल्या सुट्टीत तो तापाने गेला. बाई भेटायला गेल्या होत्या तेव्हा त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, कुणाशीही बोलत नव्हती.

आता मुलीला जागेवर बसवावं, असं बाईंच्या मनात आलं. पण सगळा वर्ग बघत होता. विषय इथेच मिटवलेला बरा, असंही वाटलं.

"बरं, मग सोन्या लिही," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "बाळाला ठेवलंय ना, मग आता ते त्याचं विशेषनाम."

"मी नाही त्याला त्या नावाने हाक मारत. म्हणून आजी मला नावं ठेवते."

"लिही, बाळा. एवढं लिहून जागेवर जा."

मुलीने उजवीकडचं 'बाळ' तळहाताने पुसलं. पण तिथे काही लिहिलं नाही. ती डाव्या बाजूला आली आणि मुलगा, नदी, गाव, वाघ, बाळ यांच्या खाली तिने नीट अक्षरात 'सोन्या' लिहिलं.

"इकडे नाही गं, तिकडे," पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"आता ते दोघांचं आहे ना," मुलगी म्हणाली. बोलणं वर्गाशी होतं, नजर मात्र बाईंकडे. "एकट्याचं राहिलं नाही, म्हणून इकडे."

बाईंनी तोंड उघडलं. एका नावाची दोन माणसं असू शकतात, तरी ते विशेषनामच, असं पुस्तकात होतं आणि त्यांना ते पाठ होतं. पण त्या म्हणाल्या, "बस."

शाळा सुटली. ती मुलगी सोडून वर्ग रिकामा झाला आणि तिची आई दाराशी आली. खांद्यावर बाळ झोपलं होतं. तिची नजर फळ्यावर गेली. तिने डावीकडचं सगळं वरून खालपर्यंत वाचलं.

"हे शेवटचं हिनं लिहिलं?"

बाईंनी मान हलवली.

"हो पुढे," आई मुलीला म्हणाली. "फाटकाशी थांब. घरी बोलू आपण."

मुलगी दप्तर घेऊन निघून गेली. आई दारातच उभी राहिली.

"दुसरं एखादं नाव ठेवता आलं असतं," बाई म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण बोलायला नको होतं.

"सासूबाई म्हणाल्या, तोच परत आलाय. हे म्हणाले, आईचं मन मोडू नकोस." तिने बाळाचं डोकं सावरलं. "मला तसं काही वाटत नाही, बाई. याचे कानसुद्धा वेगळे आहेत. पण दिवसभर ते नाव माझ्या तोंडापर्यंत यायचं आणि अडकायचं. वाढायला बसले की यायचं, अंथरुणं घालताना यायचं. आता निदान हाक मारता येते."

व्हरांड्यात शिपाई एकेक खोली बंद करत येत होता. कड्या लागल्याचे आवाज जवळ आले.

"आणि त्याची आठवण निघाली तर?" बाईंनी विचारलं. "त्याला काय म्हणता मग?"

आईने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"काही नाही," ती म्हणाली. "त्याचं आता घरात कुणी नावच काढत नाही."