साखर घालण्यात येईल

वडील गेले. ते असो, मी मिल्कशेक बारबद्दल सांगत होतो.

मेनू वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मधुमेहाच्या मापानंच बेतला होता: नाचणी-बदाम शेक, अंजीर शेक, साखर कुठेच नाही. प्रत्येक चव बघून ते म्हणायचे, "दुधानं तुझं काय वाकडं केलंय रे? चमचाभर साखर घाल."

"उद्घाटनाचा पहिला ग्लास तुम्हालाच, अण्णा. असाच, बिनसाखरेचा."

"मग मी येत नाही," म्हणाले. शब्दाला जागले.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. "इच्छा राहिलीये," काका पुटपुटले. मी पिंडाशेजारी नाचणी शेक ठेवला, बार नक्की उघडेन असं हात जोडून सांगितलं. कावळ्यानं ग्लासात डोकावलं आणि अण्णांसारखंच तोंड करून तो मागे सरला. आईनं पर्समधून साखरेची पुडी काढली, ग्लासात रिकामी केली. "आता कुठली शुगर वाढतेय त्यांची," ती म्हणाली. कावळा लगेच आला.

आज बार उघडला. मेनूखाली पाटी लावली आहे: आमचे चव-तपासनीस कायमच्या रजेवर गेले आहेत. संबंधित कार्यालयाने त्यांना एका ग्लासापुरते परत पाठवावे, ही नम्र विनंती. साखर घालण्यात येईल.