वापरणारे दोन

"इंटरनेट कुठल्याही एका कंपनीच्या बापाचं नाही! ब्राउझर ज्याचा त्यानं निवडावा आणि आपल्या भाषेत चालवावा!" असं मडिकेरीच्या सभेत ठणकावून सांगून नानय्या घरी आले. नऊ वर्षं खपून त्यांनी एक मुक्त ब्राउझर कोडव भाषेत आणला होता. घरी वर्षाचा आकडा येऊन पडला होता. कोडवमधून वापरणारे : दोन. त्यातले एक नानय्या स्वतः.

"बंद करतो हे काम," स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते बायकोला म्हणाले.

"आणि तो दुसरा?" कडंबुट्टूचे तांदळाचे गोळे वळता वळता देचम्मांनी विचारलं.

"कोण, कुठला, मला काय ठाऊक! वापरणाऱ्यावर पाळत ठेवायची नाही, हा हट्ट माझाच."

देचम्मांनी हात पुसले आणि लेकीचा जुना लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावरचा शब्द न् शब्द नानय्यांचा होता.

नानय्या पडद्यावर वाकले. "अगं, सांगायचं तरी!"

"पाळत नको म्हणालात ना? बरं, बंद करणार नसाल तर एवढं दाखवा. मागच्या पानावर जायचं कसं? चार वर्षं मी नुसती पुढंच चाललेय."