राणीच्या नावाचं पान

लेकीच्या पत्राला म्हाताऱ्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. 'बाबा, मी तुमच्याकडे येऊ का? पण हे मागोमाग येतील, आणि या वेळी मला जिवंत सोडणार नाहीत.' एवढंच पत्र. तो रोज कागद पुढे घेऊन बसायचा. घरात पुस्तकांचा ढीग, पण 'ये' एवढं लिहायची छाती होत नव्हती. ती आली आणि मागून तिचा नवरा आला तर?

आज बागेला सुट्टी होती. म्हातारा तळ्याच्या काठी होडी पालथी घालून तिला डांबर लावत होता. तळ्याची राखण हेच त्याचं काम.

शहरातला पूल, बाजार, इस्पितळ, सगळं एकाच राणीच्या नावाचं. व्हिक्टोरिया. त्यात जिवंत म्हणावं असं एकच, या तळ्यातलं कमळ. भल्यामोठ्या परातीसारखी त्याची पानं. वरून गुळगुळीत, खालून काटेच काटे. पानावर मूल बसवून फोटो काढायची इथली जुनी रीत. त्यासाठी काठाजवळच्या चार पानांवर बांबूच्या हिरव्या रंगवलेल्या ताट्या ठेवलेल्या असत, भार पसरावा म्हणून. घासून पानासारख्या गुळगुळीत केलेल्या त्या ना डोळ्याला दिसत, ना पायाला कळत. लोक राणीच्या पानाची वाहवा करत घरी जात.

"मामा, कुठंय ती?"

जावई कधी आत आला ते कळलंच नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. तो असा मऊ बोलू लागला की लेक भिंतीला पाठ लावून उभी राहायची, हे म्हाताऱ्याने पाहिलं होतं.

"इथं नाही, जावईबापू. चहा टाकू?"

"चहा प्यायला आलोय का मी? सगळ्या नातेवाइकांची घरं पालथी घातली. बापाशिवाय तिला विचारतंय कोण?"

म्हाताऱ्याची नजर तळ्याच्या मध्यावर गेली आणि लगेच खाली आली. तिथे पंपाची खोली होती. दार लावलेलं.

जावयाने ती नजर पकडली. "त्या खोलीत काय आहे?"

"पंप."

"आणखी?"

"तिकडे नको, बापू. हात जोडतो. तुम्ही आधी शांत व्हा, मग मी तिला समजावतो."

"म्हणजे आहे तर." जावई हसला. "एवढी पुस्तकं वाचलीत, पण साधं खोटं बोलता येत नाही तुम्हाला. होडी सरळ करा."

"डांबर ओलं आहे. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"तोवर तुमचं तोंड बघत बसू?" जावयाने तळ्याकडे पाहिलं. "लग्नात तुम्हीच पानावर उभे राहिला होतात ना? अख्खं वऱ्हाड टाळ्या पिटत होतं."

"मला त्याची सवय होती. तुम्ही नका जाऊ. मध्ये पाणी खोल आहे, आणि तुम्हाला पोहता येत नाही."

"तुम्हाला जमतं आणि मला जमत नाही?"

त्याने बूट काढून नीट शेजारी ठेवले, विजार दुमडली. म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला, पण धरला न धरल्यासारखा. जावयाने तो झटकला.

पहिलं पान हेलकावलं, पण बुडालं नाही. दुसरंही नाही. चौथ्यावर उभं राहून जावई वळला.

"उगाच घाबरवत होतात, मामा. राणीचं पान आहे, काय समजलात?"

"जपून जा," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा होडीकडे वळून डांबर लावू लागला.

दुपारी त्याने हात घासून धुतले आणि कागद घेतला. आज एकही शब्द खोडावा लागला नाही. पाकिटावर लेकीच्या मैत्रिणीचा पत्ता घातला, दूरच्या गावचा. घर सोडल्यापासून लेक तिथेच होती. फाटकाबाहेरच्या पेटीत त्याने पाकीट सरकवलं. आत एकच ओळ होती.

'ये. आता मागोमाग कोणी येणार नाही.'